वाऱ्यावरची शतावरी

या सदराच्या एका वाचक भगिनींनी इंदुराहून पत्र पाठवून दोन प्रश्न विचारले आहेत. जुन्या शहरातील वाड्याची वाटणी झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत लहानसे घर बांधले. भोवती जागा ऐसपैस आहे. परंतु पश्चिमेस मोकळे शेत, मध्ये ना झाड ना घर. त्यामुळे चैत्रापासून श्रावणापर्यंत वारा अंगणात नुसते थैमान घालतो, आणि तुळशीवाचून तेथे काही टिकत नाही, असे त्या लिहितात. पहिला प्रश्न असा : अशा जागी शतावरी होईल काय, आणि पुण्यास मुलाच्या घरी खाल्लेली ‘ॲस्परॅगस’ नावाची भाजी ती हीच काय? दुसरा प्रश्न त्यांनी पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारला आहे : मुले दूर, आपण दोघेच, वय साठीच्या पुढे, तिसऱ्या वर्षी ताटात येणारे पीक आता लावावे तरी कशासाठी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या पोटात आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून आधी पहिला प्रश्न घेऊ.

ॲस्परॅगस आणि शतावरी या एकाच घराण्यातल्या बहिणी आहेत, पण एक नव्हेत. या घराण्यात दोनशेहून अधिक जाती मोडतात. भाजीची जी, तिला लिनियसने १७५३ साली ‘ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस’ असे नाव दिले. ‘ऑफिसिनॅलिस’ म्हणजे औषधांच्या दुकानातली. म्हणजे आज जी मेजवानीच्या ताटात मिरवते तिची ओळखही मुळात औषधी म्हणूनच होती. रोमन मुत्सद्दी केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात हिच्या वाफ्यांची कृती सविस्तर दिली आहे. आपली शतावरी ती ‘ॲस्परॅगस रॅसिमोसस’. शतमूली, बहुसुता ही तिची संस्कृत नावे तिच्या मुळांच्या घोसावरूनच पडली आहेत. तिसरी एक बहीण आपण ओळख नसतानाच घरात आणून ठेवलेली असते. कुंडीतली ती धुक्यासारखी बारीक हिरवी पाने, जी फुलांच्या गुच्छात खोवतात, तीही ॲस्परॅगसच. तिचे माहेर दक्षिण आफ्रिकेत आहे. सोयीसाठी भाजीच्या जातीस आपण विलायती शतावरी म्हणू आणि औषधाच्या जातीस देशी.

दोघींचा स्वभाव मात्र पुष्कळसा सारखा आहे, आणि वाऱ्याचा प्रश्न सोडवायचा तर तो स्वभाव आधी ओळखला पाहिजे. जमिनीखाली मांसल मुळांचा गड्डा असतो. ती या झाडाची पेढी होय. ऋतू येताच गड्ड्यातून कोंब वर येतात. विलायती शतावरीत हे बोटाएवढे जाड कोंब म्हणजेच भाजी. जे कोंब आपण खुडत नाही ते वाढून माणसाच्या छातीपर्यंत जातात आणि त्यांना मोरपिसासारखा हलका पिसारा फुटतो. या पिसाऱ्यात आपण ज्यांना पाने समजतो त्या वस्तुतः बारीक हिरव्या फांद्याच असतात. खरी पाने खवल्यांच्या रूपाने नावापुरती उरलेली आहेत. हा पिसारा उन्हात अन्न तयार करतो, आणि ते अन्न खाली मुळांत साठते. पुढच्या वर्षीचे कोंब त्या साठ्यावर येतात. म्हणजे यंदा आपण जे खातो ते गेल्या वर्षीच्या पिसाऱ्याने साठवलेले असते, आणि यंदाचा पिसारा जेवढा टिकेल तेवढेच पुढच्या वर्षी मिळेल.

आता वारा काय करतो ते पाहा. पहिले नुकसान डोळ्यांना दिसते. जोराच्या वाऱ्याने उडालेली वाळू आणि माती कोवळ्या कोंबाला एका अंगाने खरचटत राहते. ती बाजू हळू वाढते, दुसरी नेहमीच्या गतीने वाढते, आणि कोंब वाऱ्याच्याच दिशेला वाकतो. भाजीवाल्याच्या दृष्टीने तो कोंब उणा ठरतो; आपल्या घरच्या कढईला वाकड्या कोंबाचे काही वावडे नाही. दुसरे नुकसान मोठे आहे. उंच वाढलेला पिसारा वाऱ्यात हेलकावे खातो, त्याबरोबर बुंध्याशी मातीत पोकळी पडते. पाऊस आला की त्या पोकळीत पाणी शिरून गड्डा कुजू लागतो. काही दांडे मुळाशी मोडतात, आणि मोडलेला दांडा म्हणजे पेढीत पडावयाची ठेव बुडाली असे समजावे. हे नुकसान त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. ते पुढच्या वर्षी दिसते. कोंब थोडे येतात, बारीक येतात, आणि आपण खताला किंवा बियाण्याला दोष देतो.

युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर, अटलांटिक महासागराच्या कड्यांवर, या विलायती शतावरीचीच एक रानटी उपजात आढळते. तेथील खाऱ्या वाऱ्यात ती उभी राहण्याच्या भानगडीतच पडत नाही. जमिनीला बिलगून आडवी पसरते. आपली देशी शतावरीही रानात उघड्या माळावर एकटी क्वचितच दिसते. ती काटेरी वेल आहे; झुडपांच्या जाळीत शिरते, आपले मागे वळलेले काटे त्यांच्या फांद्यांत अडकवते आणि त्यांच्या आश्रयाने वर चढते. एकीने नमते घेतले आहे, दुसरीने शेजार धरला आहे. बागेतली उभी विलायती शतावरी माणसाने जाड कोंबांसाठी निवडून वाढवली. तिला यांपैकी काहीच साधत नाही. तेव्हा तिला आडोसा देणे हे तिला लावणाऱ्याचेच कर्तव्य ठरते. रोप आणून उघड्या अंगणात खोचणे म्हणजे त्याला अक्षरशः वाऱ्यावर सोडणे होय. म्हणून या लेखाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : आधी आडोसा, मग रोप.

आडोसा म्हटला की पहिला विचार विटांच्या भिंतीचा येतो. परंतु भरीव भिंत या कामी चांगली नव्हे. अडलेला वारा भिंतीवरून उसळी घेतो आणि पलीकडच्या बाजूस भोवरे करीत खाली आदळतो. भिंतीपासून थोड्या अंतरावरची रोपे मग अधिकच झोडपली जातात. वाऱ्याला पुरता अडवण्यापेक्षा त्याला गाळून घ्यावे. ज्या कुंपणातून सुमारे निम्मा वारा आरपार जातो ते उत्तम. त्याचा निवारा त्याच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत, कमी-अधिक प्रमाणात, जाणवतो. म्हणजे पाच-सहा फूट उंचीचे जिवंत कुंपण पन्नास-साठ फुटांचे अंगण सांभाळू शकते. चाळीस बाय साठ फुटांच्या भूखंडास याहून अधिक काय हवे? मात्र वाफा कुंपणाला चिकटून करू नये. चार-पाच फूट अंतर सोडावे, नाहीतर कुंपणाची मुळे वाफ्यातले पाणी पिऊन टाकतात.

मालव्यात उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा जोराचा वारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्य दिशांनी येतो. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगीच नव्हे. त्या दोन बाजूंना मेंदीचे किंवा करवंदीचे कुंपण लावावे. दोन्ही चिवट आहेत, पाणी थोडे मागतात, आणि छाटणी सोसतात. पण त्यांना कमरेच्या वर यायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर काय करावे? येथे आपली तूर उपयोगी पडते. मृगाचा पाऊस पडताच कुंपणाच्या आतल्या बाजूस तुरीच्या दोन ओळी पेराव्यात. दसऱ्यापर्यंत ती डोक्याएवढी होते, माघापर्यंत उभी राहते, शेंगा देते, आणि जमिनीचा कसही वाढवते. शेंगा काढून झाल्यावर तुराट्या जाळू नयेत. त्या सुतळीने विणून ताट्या कराव्यात आणि बांबूंच्या आधाराने त्याच जागी उभ्या कराव्यात. तुराट्यांच्या ताटीतून वारा गाळला जातो, अडत नाही. आपल्याला हवे ते नेमके हेच. या ताट्या गुढीपाडव्याच्या आत उभ्या असल्या पाहिजेत. का, ते पुढे कळेल.

आता जमिनीविषयी थोडे. इंदुराकडची काळी माती सुपीक खरी, परंतु पावसाळ्यात फुगून पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शतावरीच्या मांसल मुळांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. युरोपातली पुस्तके चर खणून लावण्यास सांगतात. काळ्या मातीत तसे केल्यास त्या चराची तळी होतात. येथे फूटभर उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात मुरूम किंवा जाड वाळू व कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. किंचित खारवट किंवा चुनखडीची जमीन विलायती शतावरीस चालते. ती मूळची समुद्रकाठची आहे, हे वर आलेच आहे.

बियाणे काळे, टणक आणि आळशी असते. ते एक दिवस पाण्यात भिजवून, पाऊस ओसरल्यावर आश्विनात कुंड्यांतून पेरावे. रुजायला तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा आठव्या दिवशी माती उकरून पाहू नये. ‘मेरी वॉशिंग्टन’ ही जुनी जात तांबेरा रोगास बऱ्यापैकी दाद देत नाही आणि तिचे बी मिळते. कुंड्या घराच्या पूर्वेकडच्या आडोशाला ठेवाव्यात. पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी रोपे वाफ्यात जातील. तोवर कुंपण रुजलेले असेल, आणि तुरीची दुसरी पेरणीही त्याच वेळी होईल. एका रोपापासून दुसरे दीड फुटावर, दोन ओळींत चार फूट अंतर. दोन माणसांच्या घरास दहा-बारा रोपे आरंभी पुष्कळ झाली.

थंड देशांत हिमामुळे या झाडास सक्तीची विश्रांती मिळते. मालव्याची थंडी तेवढी कडक नसते, म्हणून पौषात पाणी तोडून ती विश्रांती द्यावी. पिसारा पिवळा पडतो. तो पूर्ण वाळेपर्यंत कापू नये, कारण तो पिवळा पडत असताना त्यातला जीवनरस खाली मुळांत उतरत असतो. माघाच्या अखेरीस वाळलेले दांडे कापून शेणखत घालून पाणी दिले की कोंब वर येऊ लागतात. लावणीनंतरच्या पहिल्या वर्षी एकही कोंब खुडू नये. दुसऱ्या वर्षी चवीपुरते दोन-चार. तिसऱ्या वर्षी दोन आठवडे, आणि पुढे चार ते सहा आठवडे. येथे उतावळेपणाने गुडघ्याला बाशिंग बांधण्यात अर्थ नाही. कोंब वीतभर झाला की जमिनीलगत कापावा आणि त्याच दिवशी शिजवावा. ठेवल्याने त्याची गोडी जाते. पेन्सिलीहून बारीक कोंबाला हात लावू नये.

काढणी रंगपंचमीच्या सुमारास थांबवावी. इंदुरात गेर निघाली की सुरी ठेवून द्यावी, ही खूण लक्षात राहण्यास सोपी आहे. त्यानंतरचे सर्व कोंब पिसाऱ्यासाठी सोडायचे. आता ताट्यांची घाई का केली ते ध्यानात येईल. हे नवे, कोवळे दांडे वर येण्याची वेळ आणि लू सुरू होण्याची वेळ एकच असते. वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना व मध्ये बांबू रोवून त्यांच्याभोवती सुतळीचे दोन फेर घ्यावेत, एक दीड फुटावर व दुसरा तीन फुटांवर. दांडे त्या चौकटीच्या आत राहिले म्हणजे एकमेकांना धरून उभे राहतात. बुंध्याशी मातीची भर द्यावी. वाफ्यावर गव्हाचे काड पसरावे आणि ते उडू नये म्हणून त्यावर चार-दोन तुराट्या आडव्या टाकाव्यात. उष्ण वारा झाडापेक्षाही मातीला अधिक लवकर सुकवतो. पाणी संध्याकाळी द्यावे. काही झाडांना लाल मण्यांसारखी फळे येतील. ती मादी झाडे होत. ती फळे खाण्याची नव्हेत, हे घरी येणाऱ्या नातवंडांना बजावून ठेवावे.

देशी शतावरीचे काम याहून सोपे आहे. तिची रोपे कुंपणाच्या आतल्या बाजूस, दोन-दोन फुटांवर, यंदाच्या आषाढातच लावता येतील. तुरीच्या ओळीही तिला आधाराला पुरतील. तिला चढायला काठी किंवा जाळी दिली की ती आपल्या काट्यांनी स्वतःला सांभाळते. उन्हाळ्यात ती सुकल्यासारखी दिसली तरी उपटू नये. पहिल्या पावसाबरोबर नवे कोंब येतात. त्या कोवळ्या कोंबांची मुगाची डाळ घालून भाजी होते. कोकणात ती रानभाजी म्हणून खातात. पाऊस संपता संपता तिला पांढरी, बारीक, सुवासिक फुले येतात. मुळे काढायची ती दीड-दोन वर्षांनंतर, हिवाळ्यात. ती धुऊन किंचित वाफवली की साल सुटते. मधली दोऱ्यासारखी शीर ओढून काढावी आणि मुळे सावलीत वाळवावीत. सगळा गड्डा उपसू नये. बाजूची मुळे घेऊन मधला भाग परत लावला की वेल जगते. बाळंतिणीला शतावरी कल्प देण्याची आपल्या घरांतली चाल जुनी आहे. परंतु अंगणातले मूळ कोणाला, किती द्यावे हे वैद्यांना विचारूनच ठरवावे.

नीमचच्या मंडीत शतावरीच्या मुळांचा मोठा व्यापार चालतो. यांतली काही शेतात पिकवलेली असतात. परंतु देशात वापरली जाणारी पुष्कळशी मुळे अजून रानांतूनच येतात, आणि मूळ खणले की बहुधा वेलही जाते. ज्या रानातून वर्षानुवर्षे अशी खणणी होते तेथे ती विरळ होत जाणार, हे उघड आहे. अंगणातल्या चार वेलींनी रान वाचेल असा आमचा दावा नाही. पण घराला लागणारे मूठभर मूळ घरीच मिळाले तर तेवढ्यापुरते तरी रानाचे देणे लागणार नाही.

आता दुसरा प्रश्न. तिसऱ्या वर्षासाठी या वयात श्रम का करावेत? याचा हिशेब आम्ही असा मांडतो. जड काम काय ते पहिल्या वर्षी आहे : कुंपण, वाफा, ताटी. ते एखाद्या माळ्याकडून करून घेता येते. पुढचे काम सुतळी बांधण्याचे आणि हात आवरण्याचे आहे. साठीच्या माणसाला ते जमते, किंबहुना हात आवरणे तरुणांपेक्षा त्यालाच अधिक साधते. शिवाय पहिले पीक तिसऱ्या वर्षी येते हेही पुरते खरे नाही. पहिले पीक म्हणजे आडोसा, आणि तो पहिल्याच पावसाळ्यात तुरीच्या रूपाने उभा राहतो. त्याच्यामागे मेथी, कोथिंबीर, मोगरा, सगळे तगू लागते. आज जेथे तुळशीवाचून काही टिकत नाही ते अंगण त्या एका हिरव्या ओळीने बसण्याजोगे होते. उद्या विलायती शतावरीने दगा दिला तरी हा लाभ कोठे जात नाही.

आणि तिने दगा दिला नाही, तर नीट राखलेला वाफा पंधरा-वीस वर्षे चालतो. तो तेव्हा कोणाच्या ताटात वाढील हे आज सांगता येणार नाही, ही त्या भगिनींची खरी शंका आहे. त्यांनी ती शब्दांत लिहिलेली नाही, एवढेच. आमचा पेशा बदलीचा. शाळेच्या आवारात जी झाडे आम्ही लावली त्यांची सावली बहुधा पुढच्या मुख्याध्यापकांच्या वाट्याला आली, आणि आम्ही सकाळची प्रार्थना घेतली ती मागच्या कोणाच्या तरी कडुनिंबाखाली. यात कोणाचे काही बुडाले असे आम्हांस कधी वाटले नाही. मुले पुण्याहून परत येतील किंवा येणार नाहीत. घर राहील किंवा विकले जाईल. गड्डा विभागून दुसरीकडे लावता येतो, तेव्हा वाफाही हवा तर सोबत नेता येतो. पण ज्या घरात आपण आज राहतो ते आपलेच आहे असे समजून तेथे मुळे धरू द्यावीत, हेच आम्हांस योग्य दिसते. मालव्यात आपल्या माणसांच्या कित्येक पिढ्या अशाच मुळे धरत आल्या.

तेव्हा भगिनींनी या वैशाखात रोपवाटिकेत जाऊ नये. अंगणात आठ-दहा काठ्या रोवाव्यात, प्रत्येकीच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी बांधावी, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ चिंध्या कोणीकडे व किती ताणून फडकतात ते आठवडाभर वहीत टिपून ठेवावे. जेथे चिंधी सर्वांत कमी फडकते ती वाफ्याची जागा, आणि जिकडून ताणते तिकडे मेंदीची ओळ. मेंदीच्या काड्या आणि तुरीचे बी मृगाच्या आधी घरात आणून ठेवावे.